भजनी मंडळ जामीन राहू शकतं

प्रश्न विचारणारे काका सांगलीतल्या एका विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळाचे सेक्रेटरी आहेत. मंदिराशी जोडलेली तीन कुटुंबं घराबाहेर पडायच्या बेतात आहेत. एक टेम्पो ड्रायव्हर, अपघातात पाय मोडून घरी बसलाय, चार महिन्यांचं भाडं थकलंय. दुसरी बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला जाणारी बाई. नवरा वारल्यावर सासरचे तिला दोन पोरांसकट खोली रिकामी करायला सांगताहेत. तिसरं कुटुंब सूर्यवंशी प्लॉटच्या बाजूला भाड्याने राहतं. मालक म्हणतो, पुराने भिंती खचल्यात, पाडून नवीन बांधायचंय, दिवाळीच्या आत निघा. काकांचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडची चर्च बेघर कुटुंबांना आळीपाळीने आपल्याकडे ठेवून घेतात, असं त्याने सांगितलं. आपलाही सभामंडप रात्री मोकळाच असतो, तर तसं करावं का, असा प्रश्न आहे.

काका, सभामंडप अगदी शेवटी. तिघांपैकी कुणीही अजून रस्त्यावर आलेलं नाही, आणि तुमची सगळी ताकद इथेच लावायची आहे. आहे ते घर टिकवायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या कितीतरी पट घर सुटल्यावर लागतात. नवं डिपॉझिट, एजंटची दलाली, सामान हलवायचा टेम्पो, मुलांची शाळा लांब पडली की रिक्षा, बाईचं काम सुटलं की तो खाडा. शिवाय एकदा सामान बाहेर पडलं की भांडीकुंडी नातेवाइकांकडे चार ठिकाणी वाटली जातात, मुलं मामाकडे, नवरा कुठल्यातरी गोडाऊनवर. मग घर मिळालं तरी ते कुटुंब परत एकत्र यायला वर्ष जातं.

पुतण्याने सांगितलं ते खरं आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात केरन ओल्सन यांनी १९८६ साली ते काम उभं केलं. आज ती संस्था फॅमिली प्रॉमिस या नावाने चालते. एका शहरातली बरीच प्रार्थनास्थळं एकत्र येतात, एकेक आठवडा वाटून घेतात. कुटुंबं रात्री चर्चच्या किंवा सिनेगॉगच्या हॉलमध्ये झोपतात, दिवसा एका केंद्रात जातात, तिथे आंघोळ, धुणं, कामाचा आणि घराचा शोध. चांगलं काम आहे. पण तिथे हॉलला लागून स्वयंपाकघर आणि बाथरूम असतात, आणि दर आठवड्याला सामान हलवायला गाड्या असतात. मुख्य म्हणजे त्यांच्याही कित्येक शाखांनी पुढे घर सुटूच नये यावर जोर दिला. ती सुधारलेली बाजू उचला.

आपल्या सभामंडपाचं काय होतं ते मला माहीत आहे. पहिले चार दिवस सगळे डबे आणतात. पाचव्या दिवशी कुणीतरी विचारतं, बाईला अडचण आली तर ती मंडपात कशी झोपणार? मग हरिनाम सप्ताह येतो, मांडववाला येतो, आणि कुटुंबाला कोपऱ्यात सरकवलं जातं. ते बिचारे पहाटे काकड्याच्या आधी उठून अंथरूण गुंडाळतात आणि दिवसभर इकडेतिकडे करतात. मोठ्या मुलीला कपडे बदलायला जागा नसते. पुराच्या वेळी आपण शाळा-मंगल कार्यालयं उघडतो ते ठीक, कारण पाणी ओसरतं. भाडं थकल्याचं पाणी आपोआप ओसरत नाही. तरीही कुणी खरंच रात्री दारात उभं राहिलं तर चार रात्री ठेवा, पण पाचव्या दिवशी कुठे जायचं हे पहिल्याच रात्री ठरवून. महापालिकेचं बेघर निवारा केंद्र आहे, एकट्या माणसाला त्याचा चांगला उपयोग होतो. नवरा-बायको-मुलं अशा कुटुंबाची तिथे ताटातूट होऊ शकते, म्हणून ते नाव शेवटी घ्यावं.

आता तुमच्या मंडळाकडे आहे काय ते बघू. तुम्ही लिहिलंय, 'आमच्याकडे पैसा फारसा नाही.' काका, पैसा कमी पडला तरी चालतं. तुमच्याकडे जी वस्तू आहे ती कुठल्याही सरकारी योजनेत मिळत नाही. विश्रामबागेत किंवा संजयनगरला खोली बघायला गेल्यावर मालक काय विचारतो? आडनाव काय, मूळ गाव कुठलं, कामाला कुठे, ओळखीचं कोण आहे. शेवटच्या प्रश्नावर गरीब माणूस अडकतो. त्याच्या ओळखीचे सगळे त्याच्यासारखेच. त्या जागी मंदिराचे दोन ज्येष्ठ वारकरी येऊन म्हणाले, आम्ही यांना ओळखतो, काही झालं तर आमच्याकडे या, तर निम्मं काम तिथेच होतं.

घरमालकाला खलनायक करू नका. सांगली-मिरजेत खोल्या भाड्याने देणारा माणूस पुष्कळदा निवृत्त शिक्षक किंवा एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर असतो. वर स्वतः राहतो, खालच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधं चालतात. त्याला भीती दोनच: भाडं बुडेल आणि माणूस निघणार नाही. या दोन भीतींवर तोंडी आश्वासन पुरत नाही, म्हणून हमी कागदावर द्यायची. मंडळाच्या लेटरहेडवर साधं पत्र: अमुक कुटुंब आमच्या परिचयाचं आहे; भाडं दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मिळेल; न मिळाल्यास जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं मंडळ देईल; तक्रार असेल तर पहिला फोन या दोघांना करावा, आणि खाली दोन माणसांची नावं. हमीला मर्यादा घालायचीच. 'सर्व जबाबदारी आमची' असं लिहून मोकळं होणारी मंडळं एका वाईट अनुभवात कायमची मागे हटतात. आणि पत्रात 'गरीब', 'गरजू', 'निराधार' असले शब्द नकोत. मालक ते पत्र शेजाऱ्याला दाखवतोच.

ही हमी आपल्याच माणसांपुरती ठेवायची का, हा प्रश्न तुमच्या बैठकीत येणार. तिसरं कुटुंब मुसलमान आहे, बायको आषाढीला मंदिराबाहेर फुलं विकते, असं तुम्ही आडून लिहिलंय, म्हणजे कुजबूज सुरू झाली असणार. माझं मत स्पष्ट आहे. भाड्याच्या घरात सगळ्यात जास्त नकार आडनावावरून मिळतो, आणि तो नकार मोडायला दुसऱ्या समाजातल्या माणसाची हमी सगळ्यात जास्त चालते. तुमच्याच जिल्ह्याला लागून साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली शाहू बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. आपण शंभर वर्षांनी भाड्याच्या खोलीसाठी एक पत्र लिहायला कचरू नये. मिरज-सांगलीतल्या मशिदींच्या जमातीशीही बोला. जकातीच्या, म्हणजे इस्लाममध्ये सांगितलेल्या दानाच्या, हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूस येतो, त्यामुळे थकबाकी फेडायला तिकडून मदत मिळू शकते. दोघांनी मिळून एका कुटुंबाची जबाबदारी घेतली तर कुणाच्याच डोक्यावर ओझं राहत नाही. अट एकच: मदतीच्या बदल्यात भजनाला या, दर्शनाला या, असं कुणाला म्हणायचं नाही. येतील ते आपल्या मनाने येतील.

टेम्पो ड्रायव्हरकडे येतो. चारही महिन्यांचं भाडं मंडळाने एकदम भरून टाकू नका. मालकाकडे जा, त्याला दोन महिन्यांचं लगेच द्या, उरलेल्या दोन महिन्यांचे हप्ते पाडून घ्या आणि चालू महिन्याचं भाडं आधी सुरू करा. प्रत्येक रकमेची पावती घ्या. पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये तशी तरतूद आहे. पैसे शक्यतो मालकाच्या खात्यावर. ड्रायव्हरच्या हातात रोख देऊ नका. अविश्वास म्हणून सांगत नाही. घरात दवाखान्याचं बिल पडलेलं असताना हातात आलेली रोकड भाड्यापर्यंत पोचत नाही, तुमच्या-माझ्या घरातही पोचली नसती. अपघात दुसऱ्या वाहनामुळे झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा टाकता येतो. पोलिसांतली नोंद, डिस्चार्ज कार्ड, बिलं एका पिशवीत ठेवा.

एक मात्र त्याला खोदून विचारा: घरभाड्याशिवाय आणखी कुणाचं देणं आहे? मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, बचत गट, आणि खाजगी सावकार. आपल्या भागात सावकाराचा विषय लोक शेवटी काढतात, लाजेने. सावकाराला कोरा चेक किंवा सही केलेला स्टॅम्प पेपर दिला असेल, किंवा गावाकडच्या घराचं-जमिनीचं खरेदीखत करून दिलं असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. परवाना नसलेल्या सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेला व्यवहार असेल तर चौकशी करून तो रद्द ठरवायचा आणि मालमत्ता परत द्यायला लावायचा अधिकार त्यांना आहे. हे न विचारता भाडं भरत बसलात तर तुमचे पैसे एका दाराने आत आणि दुसऱ्या दाराने सावकाराकडे जातील.

मालक चिडून लाइट तोडायच्या किंवा पाण्याचा कॉक बंद करायच्या गोष्टी करत असेल तर शांतपणे सांगा, की तसं करता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय सामान बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. पण हे मालकाला पहिल्या भेटीत ऐकवू नका. चहा संपायच्या आत कायदा काढला की बोलणी संपतात.

कागदाबद्दल इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे शिक्का मारून होतो आणि सगळ्यांना तो पक्का वाटतो. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणी करायची जबाबदारी मालकाची, असं १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं. नोंदणी आता ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. तो खर्च मंडळाने उचलावा, कारण त्या एका कागदावर रेशन कार्डाचा पत्ता, आधारचा पत्ता, गॅस, मुलांचे दाखले अशी पुढची दहा कामं उभी राहतात.

बेदाणा निवडणाऱ्या बाईचं प्रकरण वेगळं आहे, आणि तुमच्या पत्रात ते सगळ्यात कमी ओळींत होतं. तिला खोली बघून देऊ, असं तुम्ही सुचवलंय. थांबा. ती खोली कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. सासऱ्याच्या नावावर असली तरी, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण या २००५ च्या कायद्याप्रमाणे सामायिक घरात, म्हणजे नवऱ्याबरोबर ती जिथे राहत होती त्या घरात, राहायचा तिचा हक्क आहे, तिच्या नावावर काही नसलं तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली एका विधवेच्याच प्रकरणात हे नीट सांगितलंय. घर किंवा त्यातला हिस्सा नवऱ्याच्या नावावर असेल तर ती आणि मुलं वारस आहेत. मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बाऱ्यावर वारसनोंद झालीय का, हे कुणीतरी नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे जाऊन बघायला हवं. तुम्ही घाईने तिला दुसरीकडे भाड्याने बसवलंत, तर ताबा सुटतो आणि सासरच्यांचं काम फुकट होतं.

अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडे, महिला व बाल विकास विभागात. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा मोफत वकील १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मिळतो, आणि त्यात पूरग्रस्तांचाही शब्दशः उल्लेख आहे, ते तिसऱ्या कुटुंबाला उपयोगी पडेल. मारहाण होत असेल, रात्री भीती असेल, तर मात्र हक्कबिक्क बाजूला ठेवा आणि आधी तिला सुरक्षित ठिकाणी हलवा. हा निर्णय मंडळातल्या पुरुषांनी करू नये. दोन बायका पाठवा, त्यांनी तिच्याशी शेडवर नाही, घरी नाही, तिसऱ्याच ठिकाणी बोलावं.

पुढे तिला भाड्याने राहायची वेळ आलीच, तर एक अडचण आहे. तिचा पगार आठवड्याला होतो, भाडं मात्र महिन्याला असतं. ज्यांना महिन्याचा पगार मिळतो त्यांच्या हे लक्षातच येत नाही. शनिवारी हातात आलेले पैसे किराणा, उधारी, पोराचा खोकला यात बुधवारपर्यंत संपतात, आणि महिनाअखेरीला चार हजार एकदम उभे करायचे म्हणजे पुन्हा हातउसने. मंडळाच्या बायकांची भिशी चालते ना? तशीच भाड्याची भिशी ठेवा. भाडं ४,००० धरलं तर दर शनिवारी हजार रुपये मंडळातल्या एका बाईकडे वहीत सही करून जमा, आणि एक तारखेला तिनेच मालकाच्या खात्यावर भरायचे. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात तो पाचवा हजार लाइटबिलाला. मी या भागात टिकलेली घरं बघितली ती बहुतेक अशा वहीवर टिकलेली आहेत.

डिपॉझिटसाठी फिरता निधी काढा. वीस हजार डिपॉझिट असेल तर मंडळाने ते मालकाला चेकने द्यावं आणि करारातच लिहावं, की जागा सोडताना रक्कम मंडळाला परत. म्हणजे ते पैसे दान म्हणून संपत नाहीत, पुढच्या कुटुंबाला लागतात. इथे हिशेबाची एक गोष्ट. मंदिराचा नोंदलेला ट्रस्ट असेल तर ट्रस्टच्या उद्दिष्टांत अशी मदत बसते का हे आधी बघा, ठराव करा. ट्रस्टची एखादी खोली तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची झाली तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. आणि भजनी मंडळ नोंदलेलं नसेल तर वर्गणी गोळा करायच्या आधी, गणेश मंडळं घेतात तशी, धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी काढा. यात काही अवघड नाही, पण नंतर एखादा नाराज सभासद अर्ज करतो आणि चांगलं काम वर्षभर खुलाशांत अडकतं.

फोटो काढू नका. चेक देतानाचा, किराण्याची पिशवी देतानाचा, कसलाच. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटो संध्याकाळपर्यंत त्या मुलीच्या वर्गात पोचलेला असतो. एका आठवीतल्या मुलीने त्यानंतर शाळेच्या रस्त्यावरून मंदिरासमोरून जाणं सोडलं, मागच्या गल्लीने जायची, आणि तिच्या आईने आमच्याकडची पुढची मदत नाकारली. देणगीदाराला हिशेब दाखवा, नाव दाखवू नका.

सरकारी घरकुलाची आशा लगेच लावू नका, पण अर्ज आजच करा. पंतप्रधान आवास योजनेचा शहरी भागातला दुसरा टप्पा २०२४ पासून सुरू आहे. स्वतःच्या जागेवर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण जागेचा कागद लागतो आणि देशात कुठेही पक्कं घर असता कामा नये. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास, आदिवासींना शबरी. गुंठेवारीत जागा घेतलेल्यांनी आधी २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ती नियमित झालीय का ते बघावं. घर हातात येईपर्यंत वर्षं जातात आणि तेवढे दिवस भाड्याचं घर टिकलं पाहिजे, म्हणून भिशी आधी, अर्ज बरोबरीने.

मुलांची शाळा मध्येच तोडू नका. दाखला वेळेवर मिळाला नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो, तरी नव्या खोलीचा शोध जुन्या शाळेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातच सुरू करा. शाळा आणि आईचं काम, हे दोन्ही जवळ राहिले तर भाडं थोडं जास्त असलं तरी ते परवडतं.

राहिलं सूर्यवंशी प्लॉटचं कुटुंब. तिथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोचायच्या आतच घरात शिरतं. २०१९ ला पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली तेव्हाचं तुम्हाला सांगायला नको. भिंती खचल्या असतील तर मालक खोटं बोलत नसेल. पण 'पडायला आलंय' आणि 'पाडून मला चार मजले चढवायचेत' यात फरक आहे. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलीय का ते विचारा. आली असेल तर पावसाळ्यात तिथे एक दिवसही ठेवू नका, हक्क नंतर सांगता येतो. नसेल, तर पुनर्बांधणीसाठी जागा खाली करून घ्यायची असली तरी मालकाला कोर्टात जावं लागतं आणि जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा द्यायचा प्रश्न तिथे येतोच. म्हणून निघायच्या आधी खोलीचं मोजमाप, लाइटबिल, जुन्या पावत्या, रेशन कार्ड, आतून-बाहेरून फोटो, सगळं जमा करा. मालकाशी लेखी ठरवा: किती दिवस बाहेर, नंतर परत किती जागा, तोवरचं भाडं कोण देणार. पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याकडे भाडेकरूचं नाव वेगळं नोंदवलं गेलंय का, तेही बघा. बऱ्याचदा मालकाचं नाव येतं आणि भाडेकरू राहून जातो.

नवी जागा बघताना कर्नाळ रोड, दत्तनगर, काकानगर टाळा. भाडं कमी दिसतं ते पुरामुळेच. कुपवाडकडे किंवा विश्रामबागेच्या वरच्या अंगाला बघा. बाई फुलं विकते म्हणजे पहाटे मार्केटला जाणं आलं, तेव्हा पहिली सिटी बस किती वाजता सुटते ते विचारूनच खोली पसंत करा.

येत्या गुरुवारी भजन झाल्यावर बैठक आहे म्हणालात. तिन्ही कुटुंबं एकदम घेऊ नका. बेदाणावाल्या बाईकडे आधी जा, कारण तिचा ताबा एकदा सुटला की परत मिळवणं सगळ्यात कठीण. ड्रायव्हरच्या मालकाला त्याच आठवड्यात भेटून दोन महिन्यांचं भाडं द्या, म्हणजे तो थांबेल. तिसऱ्यांना दिवाळीपर्यंत वेळ आहे. जमातीच्या लोकांशी बोलणं तेवढ्यात होऊन जाईल. प्रत्येक कुटुंबामागे दोन माणसं नेमा, एक बाई आणि एक पुरुष, वर्षभरासाठी. ज्यांना वर्ष जमणार नाही त्यांनी वर्गणी द्यावी, नाव देऊ नये.